पी०१७१ आला म्हणून ईसीएम बदलू नका, आधी पेट्रोलची बाजू मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. २०१७ ची १२०० सीसी पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. चेक इंजिनची लाईट लागते, स्कॅनरवर पी०१७१ (मिक्श्चर पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी) आणि पी०३०० (सिलिंडरमध्ये नीट पेटत नाही, मिसिंग) हे कोड येतात. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढायला लागली की तिसऱ्या गियरमध्ये गाडी धक्के मारते, ओढत नाही, आयडलला थोडी थरथरते. गॅरेजमध्ये आधी ऑक्सिजन सेन्सर बदलला, मग प्लग, मग कॉइल, प्रत्येक वेळी चार दिवसांनी लाईट परत. आता सांगतायत ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, ३५ हजार लागतील. आणि सगळ्यात खाली तुम्ही सहज लिहिलंय की सीएनजीवर एवढा त्रास होत नाही.

ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची आहे आणि मला वाटतं गॅरेजमध्ये ती कुणी विचारलीच नाही. त्या एका ओळीवरून निम्मं निदान होतं, कसं ते सांगतो.

बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये गाडीच्या मूळ ईसीएमला गाडी गॅसवर चाललीय हे माहीतच नसतं. तो नेहमीसारखाच क्रँक सेन्सर, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल, कूलंट टेंपरेचर हे सगळं वाचतो, इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा याचा हिशोब करतो आणि पल्स सोडतो. गॅसचा वेगळा ईसीयू (किटचा स्वतःचा कॉम्प्युटर) ती पल्स मधेच वाचतो, पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवतो आणि त्या हिशोबाने गॅसचे इंजेक्टर उघडतो. म्हणजे सीएनजीवर चालताना सेन्सर तेच, कॉइल तीच, प्लग तेच, ईसीएम तोच. फक्त इंधन यायचा रस्ता वेगळा. त्यात सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त जोरदार स्पार्क लागतो, कॉइल किंवा प्लग कमजोर असला तर गाडी आधी गॅसवर मिसिंग मारते, पेट्रोलवर नंतर. तुमच्याकडे बरोबर उलटं आहे. मग कॉइल, प्लग, सेन्सर, ईसीएम यांच्यावर संशय घ्यायला जागा राहते कुठे? जे फक्त पेट्रोलवर वापरलं जातं तेच बघायचं, म्हणजे टाकीतला पंप, त्याचा करंट आणि अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची वायर), फिल्टर, पेट्रोलची लाइन, पेट्रोल इंजेक्टर, आणि किटवाल्याने इंजेक्टरच्या वायरींमध्ये मारलेले जोड.

आता तुम्ही टाकलेले स्कॅनरचे आकडे घ्या, ते पण हेच बोलतायत. इंजिन गरम, पेट्रोलवर, आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक ९, रेस देऊन २५०० आरपीएमला लाँग टर्म अधिक २२ आणि शॉर्ट टर्म अधिक ३ च्या आसपास. सीएनजीवर २५०० ला लाँग टर्म तेच अधिक २२, पण शॉर्ट टर्म उणे १९.

ट्रिम म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ईसीएमकडे किती इंधन टाकायचं याचं एक ठरलेलं गणित असतं, आणि ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिक्श्चर बरोबर जळलं का पातळ होतं का जाड होतं. त्यावरून ईसीएम टाकायचं इंधन कमीजास्त करतो ते शॉर्ट टर्म, आणि तेच सारखं सारखं करावं लागलं की लक्षात ठेवतो ते लाँग टर्म. दोन्हीची बेरीज करायची, एकटा आकडा बघायचा नाही. बेरीज १० टक्क्यांच्या आत वरखाली असेल तर गाडी ठीक समजा. २० च्या वर गेली आणि तिथेच राहिली की बहुतेक गाड्यांमध्ये पी०१७१ लागतो, नक्की मर्यादा कंपनीप्रमाणे बदलते. तुमची पेट्रोलवर बेरीज अधिक २५, म्हणजे ईसीएम चौथा हिस्सा जास्त इंधन मागतोय तेव्हा कुठे मिक्श्चर जागेवर येतंय. सीएनजीवर अधिक २२ आणि उणे १९, बेरीज फक्त ३. म्हणजे काय, तर पेट्रोलवर शिकलेली सवय ईसीएम गॅसवर शॉर्ट टर्मने ताबडतोब दुरुस्त करतोय, आणि ती दुरुस्ती त्याच ऑक्सिजन सेन्सरच्या आणि त्याच ईसीएमच्या जोरावर होतेय. जो ईसीएम इतकं नीट काम करतो तो गेला असं कसं म्हणणार? (यात गॅसचं मॅपिंग, म्हणजे किती गॅस सोडायचा याचं सेटिंग, ठीकठाक केलेलं आहे असं मी धरलंय, गॅसवर गाडी नीट ओढते म्हणताय म्हणून.)

कुणीतरी ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) कारण सांगेल म्हणून तेही आताच लिहितो. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं की इंधन जास्त लागतं हे खरं आहे. शुद्ध पेट्रोलला १४.७ ला १ हवा लागते, ई१० ला १४.१ च्या आसपास, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे ई१० वरून ई२० वर गेल्याने ट्रिम चारेक टक्के वर सरकेल, पूर्वीच्या शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तरी आठनऊ टक्के. २५ चा हिशोब त्याने लागत नाही. आणि ई२० असतं तर आयडल आणि २५०० दोन्हीकडे ट्रिम जवळपास सारखीच वाढली असती.

ऑक्सिजन सेन्सर बदलला याचं मला सगळ्यात वाईट वाटलं कारण हे रोज होतं. पी०१७१ चा अर्थ सिस्टीम टू लीन, मिक्श्चर पातळ. सेन्सरने पातळ आहे हे सांगितलं आणि त्यालाच काढून टाकला. सेन्सरचं सर्किट किंवा हीटर खराब असेल तर त्याचे कोड वेगळे असतात, पी०१३० पासून पुढे. सेन्सर खरंच बघायचा असेल तर साधा एक व्होल्टवाला सेन्सर पातळ मिक्श्चरला ०.१ आणि जाड मिक्श्चरला ०.९ च्या जवळ जातो, इंजिन चालू असताना एअर फिल्टरच्या पाईपात कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, लगेच ०.८ च्या वर उडी मारली तर सेन्सर जिवंत आहे. पाच मिनिटांचं काम. कोड म्हणजे ईसीएमला काय दिसलं एवढंच, का दिसलं ते आपणच शोधायचं असतं.

आता हवा गळती. पी०१७१ वाचला की इंटरनेटवर पहिलं उत्तर व्हॅक्यूम लीक असं मिळतं, ते बहुतेक एअर फ्लो मीटर असलेल्या गाड्यांसाठी लिहिलेलं असतं. त्या गाड्यांमध्ये मीटरच्या पुढे शिरलेली हवा मोजलीच जात नाही म्हणून मिक्श्चर पातळ होतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये एअर फ्लो मीटर नसतो, मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजणारा मॅप सेन्सर असतो, पाईप निघाला तरी ती हवा प्रेशरमध्ये धरली जाते, त्यामुळे पातळपणापेक्षा आयडल वाढलेलं जास्त दिसतं. शिवाय गळतीचा परिणाम आयडलला सगळ्यात जास्त आणि रेस दिली की कमी होतो. तुमच्याकडे आयडलला ९, वर २२. लोड वाढेल तसं पातळ होत जातं, म्हणजे जेवढं पेट्रोल लागतंय तेवढं पोचत नाही. घाटातच धक्के का ते यातच आलं, आणि पी०३०० पण. पातळ मिक्श्चर लोडखाली नीट पेटत नाही, सगळ्याच सिलिंडरला कमी पडतंय म्हणून एका सिलिंडरचा पी०३०१ किंवा पी०३०२ न येता सरसकट पी०३०० येतो. मॅप सेन्सर चुकीचं वाचत असता तर गॅसवरही ट्रिम बिघडली असती, तरी खात्रीसाठी इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून त्याचा आकडा बघून घ्या. मुंबईत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास यायला पाहिजे, बाहेरचाच दाब आहे तो. गरम इंजिनला आयडलवर ३० ते ४०.

तर आता मोजायला लागू. गाडी पेट्रोल मोडवर ठेवा, सीएनजीचा सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून घ्या.

सुरुवात बॅटरीपासूनच करायची, कंटाळा करू नका. रात्रभर उभ्या गाडीला १२.४ ते १२.६, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये, चालू गाडीला १३.८ ते १४.५. मग बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर मीटरचा एक प्रोब आणि इंजिनच्या कोऱ्या धातूवर दुसरा, हेडलाईट आणि एसी चालू, ०.१ व्होल्टच्या आत यायला पाहिजे. जास्त आला तर इंजिनची अर्थ पट्टी काढून घासून परत लावा. ईसीएमच्या अर्थचं पण असंच बघायचं, वायर नुसती जोडलेली दिसते म्हणून चांगली आहे असं धरू नका.

मग पंप, माझा सगळ्यात जास्त संशय इथेच आहे. मागच्या सीटखाली झाकण असतं, खाली पंपाचा कपलर. कपलर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजायचं, काढून मोजलंत तर फसाल. कारण काढलेल्या कपलरवर करंटच वाहत नाही, गंजलेली वायर पण पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू, पंपाच्या प्लस आणि मायनसमध्ये किती येतं ते बघा. बॅटरीवर १४ असेल तर इथे साडेतेराच्या आसपास पाहिजे. कमी आलं की दोन भाग करा, बॅटरी प्लस ते पंप प्लस किती व्होल्ट वाटेत जातात आणि पंप मायनस ते बॅटरी मायनस किती. जिथे अर्ध्या व्होल्टच्या वर जातंय तिथे दोष.

माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, पंप नवीन बसवून झालेला तरी घाटात मरायची. बॅटरीवर १४.१ आणि पंपाच्या कपलरवर फक्त १०.९. प्लसच्या बाजूला सगळं ठीक, रिले, फ्यूज स्वच्छ. मायनसच्या बाजूला २.८ व्होल्ट वाटेतच चाललेले. अर्थची वायर सीटच्या खाली बॉडीला जिथे स्क्रूने दाबलेली असते तो पावसाळ्यात कारपेटखाली पाणी साचून पूर्ण गंजलेला, स्क्रू फिरवला तर रिंगच्या खालून तपकिरी भुकटी निघाली. ओममीटर लावला की अर्धा ओम दाखवायचा, कुणालाही वाटेल अर्थ चांगला आहे, पण पाच-साडेपाच अँपिअर करंट खेचला की तेवढ्या अर्ध्या ओमवरच २.८ व्होल्ट जातात. जागा घासली, नवीन रिंग दाबली, ग्रीस लावलं, १३.७ यायला लागले आणि गाडी घाट चढायला लागली. म्हणून मी वायरिंग तपासायला नुसत्या बीपवर विश्वास ठेवत नाही. एकच तार शिल्लक राहिलेली वायर पण बीप देते. ५५ वॅटचा जुना हेडलाईट बल्ब घ्या, तो साडेचार अँपिअरच्या आसपास खेचतो म्हणजे पंपाएवढाच, पंपाच्या कपलरच्या दोन वायरींवर लावा, पंप चालवला की बल्ब भक्क पेटला पाहिजे. पिवळसर मंद पेटला तर वायरिंग बघा. पण हा बल्ब ईसीएमच्या किंवा सेन्सरच्या वायरींना चुकूनही लावू नका, आत ट्रान्झिस्टर उडेल, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना तर मीटर पण नको.

व्होल्टेज ठीक आलं तर प्रेशर. या प्रकारच्या गाड्यांना रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पोचवणाऱ्या पाईपात) साधारण ३ ते ४ बार लागतं, नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. गेज लावायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं, फायर एक्स्टिंग्विशर जवळ ठेवा, गरम इंजिनवर हे काम करायचं नाही. आयडलला प्रेशर बघून थांबू नका हे विशेष सांगतो, आयडलला अर्धमेला पंप पण ३.५ दाखवतो. गेज बोनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेला टेपने नीट चिकटवा, कुणालातरी शेजारी बसवा आणि चढावर फुल रेस देऊन बघायला सांगा. आकडा खाली सरकत गेला की टाकीतली जाळी, फिल्टर किंवा पंप. सीएनजीवाल्या गाड्यांमध्ये पंप लवकर जायचं कारण पण सांगून ठेवतो, बऱ्याच किटमध्ये गॅसवर असताना पेट्रोलचा पंप चालूच राहतो, आणि लोक टाकीत शंभर-दोनशेचं पेट्रोल ठेवून वर्षभर गॅसवर फिरवतात. पंप पेट्रोलमध्येच थंड होतो, पेट्रोल नसेल तर तो गरम होऊन झिजतो. टाकी पाव भाग तरी भरलेली ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, इंजेक्टरमध्ये चिकटा धरत नाही.

प्रेशर लोडखाली पण टिकलं तर मग किटचे जोड. पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये गॅस ईसीयू घातलेला असतो, चार सिलिंडरला आठ तरी जोड होतात, आणि कित्येक ठिकाणी ते नुसते पीळ मारून वर टेप गुंडाळलेले असतात. इंजिनची उष्णता आणि पावसाळा, दोन वर्षात आत हिरवं पडतं. जोडात रेझिस्टन्स वाढला की इंजेक्टर उघडायला उशीर होतो, पल्स ईसीएम बरोबर सोडतो पण पेट्रोल कमी पडतं. खरं म्हणजे यात बहुतेक एखादा सिलिंडर वेगळा पडतो आणि तुमच्याकडे सगळे सारखे आहेत म्हणून मी याला दुसऱ्या नंबरला ठेवलंय, पण सगळ्यांचा मिळून असलेला प्लसचा जोड खराब असेल तर चारही सिलिंडर सारखेच रडतील, तो नक्की बघा. चालू इंजिनला वायरी एकेक करून हलवा, स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम बघत राहा, कुठेतरी हात लागल्यावर आकडा उडाला तर तिथेच उघडून बघा. जोड सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह घाला.

आता ईसीएम. खराब होतोच नाही असं मी म्हणत नाही. पाण्यात बुडालेली गाडी, उलटी जोडलेली बॅटरी, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची जुनी सवय (कृपा करून कुणी करू नका, व्होल्टेज उसळतं), बॅटरी न काढता बॉडीवर केलेलं वेल्डिंग, यात ईसीएम जातो. पण गेला म्हणायच्या आधी त्याला कायमचा प्लस, इग्निशनचा प्लस, मेन रिलेचा प्लस आणि सगळे अर्थ लोडखाली मिळतायत हे मोजून दाखवलं पाहिजे. मग तो सेन्सरना ५ व्होल्ट देतो का बघायचं. ५ व्होल्ट नसले तरी लगेच ईसीएमवर आळ नको, एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. एखादा सेन्सर किंवा उंदराने कुरतडलेली वायर शॉर्ट असली की ती सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढते, आणि तेव्हा स्कॅनरवर मॅप, थ्रॉटल, पेडल असे चार-पाच कोड एकदम येतात. एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकदम आले की सेन्सर बदलत बसायचं नाही, त्यांचं सामाईक काय आहे, ५ व्होल्ट का अर्थ का एखादा कपलर, ते शोधायचं. स्कॅनर ईसीएमशी बोलतच नसेल तर बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये ओम मोजा, कॅन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) धड असेल तर ६० च्या आसपास येतात, १२० आले तर लाइन कुठेतरी तुटलीय किंवा एका टोकाचं युनिट सुटलंय. तुमच्याकडे यातलं एकही लक्षण नाही. आणि जुन्या बाजारातला ईसीएम आणायचा विचार असेल तर इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी लॉक) जुळवल्याशिवाय गाडी चालू पण होणार नाही.

गॅरेजला एक विनंती करा, कोड लगेच उडवू नका म्हणावं. कोड लागला त्या क्षणाचा फ्रीझ फ्रेम ईसीएम जपून ठेवतो, तेव्हा आरपीएम किती, लोड किती, इंजिन गरम की थंड, ट्रिम किती. कोड पुसला की ते पण जातं. तुमच्याकडे तीन वेळा पुसलंय. आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी डोंगल आणि मोबाईल ॲप एवढ्याने इंजिनचे हे सगळे आकडे दिसतात, मोठा स्कॅनर लागत नाही, फक्त तो कायम खोचून ठेवू नका, उभ्या गाडीत बॅटरी खातो.

काम झाल्यावर कोड उडवून ट्रिम शून्यावर आणा आणि पेट्रोलवरच पन्नासेक किलोमीटर चालवा, त्यात चढ पण असू द्या. आयडल आणि २५०० दोन्हीकडे बेरीज १० च्या आत आली आणि घाटात गाडी सरळ ओढली तर दुरुस्ती झाली समजा. कोड न उडवता सोडलात तरी लाईट साधारण सलग तीन नीट फेऱ्यांनंतर आपोआप विझते आणि जुना कोड चाळीस वेळा इंजिन गरम-थंड झाल्यावर मेमरीतून जातो, त्यामुळे दुरुस्तीनंतर लगेच जुना कोड दिसला म्हणून घाबरू नका. पंपाच्या कपलरवरचं व्होल्टेज आणि चढावरचं प्रेशर, हे दोन आकडे मिळाले की इथेच लिहा, पुढचं त्यावर बोलू, तोपर्यंत ३५ हजारांचा ॲडव्हान्स देऊ नका.